जलमार्गाचा अर्ज

ज्या गावातून नदी दिसत नाही त्या गावात बसून नदीप्रवासाचे बेत आखण्यात एक प्रकारची निर्भयता असते. कारण अशा बेताला लागणारे सारे पाणी मनातलेच असते, आणि मनातल्या पाण्यात होडी कधी उलटत नाही. आमचे कोसाड तापीच्या उत्तर अंगाला, उत्राण आणि गोठणगाम या दोन स्टेशनांच्या मधले. पात्र इथून चालत जाण्याजोगे असले, तरी मधल्या इमारतींच्या गर्दीमुळे त्याची ओळख पटते ती नळाच्या पाण्यावरूनच. त्या नळाखाली तांब्या धरला असता, हे पाणी आपल्या मूळ गावावरून आले असेल, आपण मात्र रेल्वेने आलो, असा एक विचार कैक वर्षांपूर्वी मनात आला, आणि त्याच विचाराने या हिवाळ्यात जमिनीवर नकाशा पसरून वल्ह्याच्या होडीने तापी उतरण्याचा बेत माझ्याकडून आखवून घेतला.

आम्ही खानदेशची माणसे सुरतेत आलो ती तापी व्हॅली रेल्वेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधला गेलेला हा लोहमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली असे करीत उधन्याला पोहोचतो. आणि गंमत अशी की तापीचे नाव मिरवणाऱ्या या मार्गाला तापी एकदाही ओलांडावी लागत नाही. नदी उजव्या हाताला कुठेतरी आहे, एवढ्या भरवशावर गाडी चालत राहते. ती ओलांडण्याचे भाग्य शेवटी आम्हां कोसाडकरांच्याच वाट्याला येते, कारण सुरत स्टेशनावरून उत्तरेची गाडी धरली की उत्राणच्या अलीकडे पूल लागतो, आणि दिवसभराच्या कामाने पेंगणारी माणसेही त्या पुलावर क्षणभर डोळे उघडतात.

पुराणांनी तापीला सूर्याची कन्या आणि शनीची बहीण म्हटले आहे; महाभारतात ती संवरण राजाची राणी आणि कुरूची माता म्हणून येते. बैतूल जिल्ह्यातील मुलताईपासून समुद्रापर्यंतची तिची वाट सुमारे 724 किलोमीटरांची. एवढी सगळी वल्हवण्याइतका माझ्या खांद्यांत दम नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून चांगदेवचा पूर्णा-संगम आणि मुक्ताईचा परिसर नुसता नमस्कारून मी प्रकाशे येथून निघायचे ठरवले. गोमाईच्या संगमावरच्या या क्षेत्राला लोक दक्षिणकाशी म्हणतात, आणि काशीहून निघून घरी यायचे, हा क्रम तर आमच्या आजा-पणज्यांनीही मान्य केला असता.

हा बेत मी आमच्या आबांना दाखवला. आबा भोई, शिंदखेड्याकडचे. उन्हाळ्यात तापीच्या वाळवंटात टरबुजांच्या वाड्या लावण्यात आणि पावसाळ्यात माणसे पैलतीरी पोहोचवण्यात ज्यांची हयात गेली अशा घराण्यातले. त्यांनी चष्मा पुसला, नकाशावर बोट ठेवले आणि सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशे अशी एकामागून एक बॅरेजची नावे मोजली. “नदी तीच शे भाऊ,” ते म्हणाले, “पन आते तिले कुलपं लागनात.”

आबांच्या त्या एका वाक्याने माझ्या बेताचे जे झाले ते पुढचा महिनाभर होतच राहिले. प्रकाश्याच्या खाली गेलो तर उकाईचा जलाशय सुरू होतो. 1972 साली पुरे झालेल्या या धरणाने दोन्ही राज्यांतली कितीतरी गावे, शेते आणि पायवाटा पोटात घेतल्या, तेव्हा तिथे होडी लोटायची म्हणजे कोणाच्या तरी बांधावरून, कोणाच्या तरी अंगणावरून वल्हे मारीत जायचे. हा विचार मला बराच वेळ अडवून बसला. सुरतकराला मात्र उकाई आठवते ती एका आकड्याने: 345 फूट. पावसाळ्यात तो पंचांग नंतर उघडतो, आधी धरणाची पातळी पाहतो. ऑगस्ट 2006 मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराची जी अवस्था केली, ती ज्याने पाहिली त्याला त्या आकड्याची दहशत सांगावी लागत नाही.

जलाशयाच्या जवळच सोनगड आहे. पिलाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या कितीतरी आधी आपले ठाणे मांडले ते या डोंगरावर, आणि इथूनच ‘सुरत अठ्ठाविशी’च्या महालांवर मराठ्यांच्या वसुलीची नजर फिरू लागली. शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्या सर्वांना पाठ असतात; पण त्यानंतर कमाविसदार, फडणीस, कारकून अशी जी कागदी फौज इथे येऊन राहिली, तिची आठवण कोणी काढीत नाही. मला ती वारंवार येते, बहुधा मीही तिच्याच जातकुळीचा असल्यामुळे: तलवार हाती नाही, वल्हे धड धरता येत नाही, यादी मात्र सुबक लिहिता येते.

उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा. तिथून दोन्ही तीरांचे कालवे पाणी घेऊन उसाकडे वळतात आणि खाली उरते ते पात्र हिवाळ्यात होडीला कितपत उचलील, याची शंका येते. मग मांडवी, कठोर, कामरेज. आणि पुढे पाणी पुन्हा भरून येते, पण ते वाहते नव्हे, साचलेले, कारण रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामध्ये 1995 साली घातलेल्या बंधाऱ्याने शहराच्या पिण्यासाठी नदी अडवून ठेवली आहे. या निवांत पाण्यावर जलपर्णीचा असा हिरवा गालिचा पसरतो की दुरून पाहणाऱ्याला गवतातून होडी ओढावी लागेल की काय असे वाटावे. बंधाऱ्याच्या खाली तर समुद्राचाच अंमल. कोकणातले दर्यावर्दी तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. तेच पाणी खंबायतच्या आखातात शिरून इथवर यायला आणखी कित्येक घटका घेते. याच भरतीवर एके काळी गलबते फुर्ज्याच्या जकातीला लागत आणि मक्काई पुलापासून हाजी जहाजाकडे निघत. आज तिथे दोन्ही तीरांना काँक्रीटचे तट आहेत आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे.

अशा रीतीने प्रकाशे ते कोसाड हा माझा बेत आक्रसत आक्रसत कठोर ते अमरोली एवढा, एका दिवसाचा, उरला. मार्गशीर्षातली थंडी, दोन माणसांची कयाक, दोन लाइफ जॅकेट, दशम्या, लसणाची चटणी आणि एक कोयता. कोयता जलपर्णीसाठी, आबांच्या आग्रहावरून. राहता राहिला परवाना. मासेमारीचा परवाना आहे, वाळू उपशाचा आहे. पण कोणतेही प्रयोजन नसताना नदीवरून घरी येण्याचा परवाना कोणत्या खात्याने द्यावा, याविषयी एका कचेरीत दोन टेबलांचा मतभेद झाला. अखेर एका सज्जन कारकुनाने कुठल्यातरी वेगळ्याच कामाचा छापील नमुना हातात ठेवला आणि तोच भरून आणा म्हणून सांगितले. त्यात ‘प्रयोजन’ या शब्दापुढे दीड ओळीची जागा होती. मी ‘खासगी’ लिहिले.

तो नमुना घरी भरीत बसलो असताना खालच्या मजल्यावरच्या मावशी दळण घेऊन जाता जाता दारात थबकल्या. 2006 च्या पुरानंतर नदीकाठच्या झोपड्या हलवून ज्या अनेक कुटुंबांना कोसाडच्या आवासात घरे मिळाली, त्यांतल्या त्या एक. चाळीसेक वर्षांपूर्वी शहाद्याकडून आल्या आणि निम्मा जन्म तापीच्या काठावर काढला. अजूनही आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीच्या जन्मदिवशी, चुनडी घेऊन बसने नदीवर जातात. नकाशा पाहून त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला.

“मास्तर, आमच्या घरावरून जाणार का हो तुम्ही?”

नकाशा वाचणे त्यांना येत नव्हते. रेल्वेचा पूल कुठला एवढे मी दाखवले, तेव्हा त्यांनी तिथून बोट सरकवत, नदीच्या वळणाबरोबर हात वळवत, एका कोऱ्या जागेवर आणून टेकवले.

“इथं कडुनिंब होता. मी लावलेला. पाणी छपरावर आलं ना, तेव्हा त्याचा शेंडा तेवढा वर होता, त्यावरून आमचं घर कोणतं ते कळत होतं. आहे का बघा जरा. तोडलं असंल तर तसं सांगा, पण बघा.”

मी त्या जागेवर पेन्सिलीने ठिपका दिला. मावशी गेल्यावर पुन्हा नमुना पुढे ओढला. ‘मार्गातील थांबे’ हा रकाना तोवर रिकामाच होता. त्यात मी, शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात, लिहिले: कडुनिंबाचे झाड, एक.