पिवळ्या पाहुण्याची चेहरेपट्टी

आमच्या जर्सी सिटीत पिवळा पक्षी दृष्टीस पडला की मराठी मंडळी त्याला बेलाशक हळद्या ठरवतात. परवा एका स्नेह्यांनी कुंपणावरच्या अशाच एका पाहुण्याचे छायाचित्र ‘हळद्याच ना हा?’ या शेऱ्यासह धाडले, तेव्हा या घाईच्या निवाड्याविरुद्ध चार शब्द लिहिणे मला प्राप्तच झाले. फरारी आसामीची चेहरेपट्टी वाचणारा मुरलेला फौजदार अंगरख्याचा रंग दप्तरी नोंदवतो खरा, परंतु अंगरखा बदलता येतो हे जाणून त्यावर भिस्त ठेवीत नाही; तो नाकाची ठेवण, उंची आणि कपाळावरचा व्रण पाहतो, आणि मगच पंचांच्या सह्या घेतो. पक्ष्याचे नाक म्हणजे चोच. रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या पक्षिदर्शिकेत चित्रांवर रेघा ओढून नेमक्या खुणा दाखवल्या, तो हाच फौजदारी खाक्या होय.

आमच्या आसामीची चोच आखूड, शंकूसारखी, नारिंगी छटेची, म्हणजे बिया फोडणारी. हळद्याची लांबट आणि गुलाबी, शिवाय डोळ्यातून गेलेली काळी रेघ आणि मैनेएवढा देह. हा तर चिमणीहूनही लहान, कपाळावर काळी टोपी, काळ्या पंखांवर पांढरे पट्टे: अमेरिकन गोल्डफिंचचा नर, १९३५ पासून न्यू जर्सीचा राज्यपक्षी. हिवाळ्यात हाच गृहस्थ पिवळा अंगरखा उतरवून मळकट तपकिरी होतो, तेव्हा रंगावर विसंबणारे त्याला ओळखही देत नाहीत.

तो जवळजवळ निव्वळ शाकाहारी असून पिलांनाही बियाच भरवतो, आणि त्याच्यासाठी येथे पिशव्यांतून विकले जाणारे काळे, चिंचोळे बी म्हणजे अकोले-इगतपुरीकडच्या डोंगरउतारांवर पिवळे फुलणारे आपले चटणीचे कारळेच. ते बारीक फटींच्या नळीत भरून टांगावे, थोडेथोडेच आणावे, कारण ओले होऊन बुरसटले की हे महाशय त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चटणीसाठी मात्र वाण्याकडचेच घ्यावे. पक्ष्यांची पिशवी माणसांच्या खाण्याच्या हिशेबाने भरलेली नसते. आणि कोणी परसात कारळे पेरण्याचा बेत करीत असेल, तर अमरवेलीसारख्या तणांचे बी सोबत येऊ नये म्हणून आयात माल कडक तापवूनच बाजारात सोडतात. त्यातून अंकुराची आशा धरू नये.