अंगणातला पाचोळा आणि आईचा दमा

गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या बदामाची पानगळ सुरू झाली आणि माझी कंबर खराट्याला कंटाळली. म्हणून मी पाचोळा उडवणारा पेट्रोलवरचा ब्लोअर आणला. अंगण दहा मिनिटांत साफ झालं. पण त्या रात्री आईचा दमा उसळला, पंप दोनदा घ्यावा लागला. रुग्णांना धुळीपासून जपायला सांगणारा मी, घरीच चुकलो होतो.

ब्लोअर पानांबरोबर बारीक धूळ आणि बुरशीचे बीजाणूही उडवतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत ऑइलही जळतं, त्याचा धूर वेगळाच. शिवाय आवाज. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात जास्तीत जास्त ८ तास ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं!

आता आमच्याकडे बॅटरीवरचा, वेग कमी-जास्त करता येणारा ब्लोअर आहे. तुम्ही घेताना तो हातात धरून वजन पाहा, डेसिबलचा आकडा विचारा. वापरताना एन-९५ मास्क, गॉगल आणि इअरमफ घाला. खिडक्या बंद ठेवा, दमा असलेल्यांना आतच थांबू द्या.

अंगण लहान असेल तर मात्र खरेदीच टाळा. पाण्याचा हलका सडा मारा आणि लांब दांड्याचा खराटा घ्या. धूळ बसते, कंबरही वाकत नाही.