सातवा ककार

जानेवारीची सहा तारीख जवळ आली, की दिल्लीतील मराठी तरुणांपैकी कोणी ना कोणी आमच्या दारी येते आणि ‘बातमी कशी लिहावी, यावर चार शब्द सांगा’ असा आग्रह धरते. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ पत्राचा पहिला अंक मुंबईत निघाला. त्या स्मरणार्थ महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. आमची हयात या शहरात बातम्या वेचण्यात गेली असल्यामुळे नाही म्हणणे शोभत नाही, आणि म्हणून आम्ही दरवर्षी तेच सांगतो.

बातमी लिहिण्याची रीत सांगायला सोपी आहे. काय घडले, कोणाच्या बाबतीत घडले, कुठे, केव्हा, का आणि कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे द्यावीत, की बातमी झाली. आपल्या भाषेची सोय अशी, की हे सहाही प्रश्न ‘क’ने सुरू होतात आणि विद्यार्थ्याच्या सहज ध्यानात राहतात. पुढचा नियम क्रमाचा. कीर्तनकार पूर्वरंगात श्रोत्यांना खेळवतो आणि मग सावकाश आख्यान लावतो. बातमीदाराला ती मुभा नाही. आख्यानाचा शेवट त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचा आणि मग उतरत्या महत्त्वाने तपशील मांडायचे, कारण जागा अपुरी पडली म्हणजे उपसंपादकाची कात्री खालून चालते. वाक्ये आखूड असावीत. विशेषणांचा लोभ धरू नये. ‘भीषण अपघात’ असे लिहिण्यापेक्षा किती माणसे दगावली ते लिहावे, भीषणता वाचकाला आपोआप कळते.

उदाहरण म्हणून आम्ही एक फार जुनी बातमी सांगतो. ती जिथे घडली ते पानिपत दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरांवर असून आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेकडे निघाले होते; भेलशाजवळ त्यांच्या हाती एका सावकारी पत्रातून ही वार्ता पडली, असे परंपरा सांगते. पत्राची भाषा सांकेतिक होती. दोन मोती गेले, काही मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही, एवढाच मतलब. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना उमगले. बातमीलेखनाचा याहून चांगला धडा आम्हांला सापडलेला नाही. सर्वांत मोठी हानी आधी, मग सरदार, मग सामान्य शिपाई. एकही विशेषण नाही आणि शोकाचा एकही उद्गार नाही. त्या सावकाराचा गुमास्ता आज असता, तर कोणत्याही वृत्तसंस्थेने त्याला हसत नोकरी दिली असती.

इथपर्यंत ऐकून मुले खूष होतात. पण आमचे व्याख्यान इथे संपत नाही.

त्या पत्रात एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. भाऊ पडले, हे कशावरून? पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या, परंतु पतीचा अंत त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने पुढे १७८० साली फारसीत त्या युद्धाचा वृत्तांत लिहिला, त्यात भाऊंच्या देहाचा शोध कसा घेतला आणि शिर नसलेला देह अंगावरच्या खुणांवरून कसा ओळखला, हे दिले आहे. खरा बातमीदार तो. पण तो वृत्तांत लिहिला गेला तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती, आणि मधल्या काळात संशयाने आपले काम केले होते. भाऊ जिवंत आहेत, या आशेवर एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात बंड केले, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि वर्षअखेरीस त्याला देहान्त शासन झाले तेव्हाच ते प्रकरण मिटले. पार्वतीबाईंनी तर १७८३ साली डोळे मिटेपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. पुढे ‘केसरी’कार न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. ‘कशावरून’ या एका प्रश्नाचे उत्तर सर्वांना पटेल असे मिळाले नाही, त्याची ही किंमत.

हा सातवा ककार आम्ही कोणत्याही पुस्तकात शिकलो नाही. तारेचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. महाराष्ट्रातील एक वयोवृद्ध गृहस्थ दिल्लीत रुग्णालयात अत्यवस्थ होते. रात्री आम्ही तिथे पोहोचलो, तो त्यांची खाट रिकामी. व्हरांड्यात झाडलोट करणाऱ्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, “बाबूजी तो गए.” ‘गेले’ या शब्दाचा मराठी कानाला लागणारा अर्थ आम्ही लावला आणि धावत जाऊन पुण्याला तार केली. सहाही ककारांची उत्तरे तीत चोख होती. सकाळी बातमी पहिल्या पानावर आली. दुपारी कळले, की बाबूजी फक्त दुसऱ्या खोलीत गेले होते. पुढे ते तीन वर्षे जगले.

खुलासा चार ओळींत, आतल्या पानावर छापला गेला. मात्र त्यांच्या पत्नी गावी होत्या आणि सकाळचा अंक त्यांच्या घरी वेळेवर पोहोचला होता. शेजारच्या बायकांनी त्यांचे कुंकू पुसले होते. महिन्याभराने त्यांचे कार्ड आले. त्यात राग नव्हता, शाप नव्हता. एवढेच विचारले होते, की तुम्हांला हे सांगितले कोणी? आम्ही उत्तर लिहायला बसलो आणि आमच्या लक्षात आले, की त्या मुलाचे नावसुद्धा आम्ही विचारले नव्हते. ते उत्तर आम्ही आजतागायत पाठवलेले नाही.

म्हणून ‘असे समजते’, ‘विश्वसनीय गोटातून कळते’ ही क्रियापदे दिसली, की आम्हांला ते कार्ड आठवते. समजते कोणाला, आणि कोणाकडून? आज तारखाते उरले नाही; २०१३ च्या जुलैत सरकारने तारेची सेवा बंद केली. बातमी आता क्षणात सर्वत्र जाते आणि खुलासा तिच्या मागून धापा टाकत जातो. वेग वाढला, खोली मात्र तीच आहे आणि खाट तशीच रिकामी दिसते. दोन पावले पुढे जाऊन शेजारच्या खोलीचे दार उघडणे, एवढेच बातमीदाराचे काम आहे.

आपल्याकडे म्हणतात, विश्वास पानिपतावर गेला. तरुण मंडळी यावर हसतात. आम्हीही हसतो, पण वाचकाचा आपल्यावरचा विश्वास असा एका रात्रीत जाऊ शकतो, हे आम्हांला ठाऊक आहे.