फुकटातले सेंट लुईस

अमेरिकेहून परत आले की इंदुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नायगारा पाहिला का?" आम्ही दोघे २०१९ च्या जून-जुलैत सहा आठवडे अमेरिकेत राहून आलो, आणि नायगारा पाहिला नाही. डिस्नेलँड नाही, न्यूयॉर्क नाही, स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही. सगळे दिवस मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस या एकाच शहरात गेले. परवा शाळेत एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले. मुलगा त्याच शहरात शिकायला निघाला आहे, कमी खर्चात तिथे काय पाहता येईल, असे विचारत होते. सांगता सांगता तास गेला. बाजूला संपादक उभे होते. त्यांनी "हेच वार्तापत्रासाठी लिहून द्या" असा आग्रह धरला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यापैकी एकाने याच शाळेत गणित शिकवले आणि दुसरीने बँकेत नोटा मोजल्या. त्यामुळे लेखात हिशोब जरा जास्त येईल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मुलगा तिथे एका प्रयोगशाळेत संशोधनाचे काम करीत होता. पहिल्या शनिवारी सकाळी सूनबाईंनी पोळीचे रोल बांधले, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि आम्ही पाचजण प्राणिसंग्रहालयाला निघालो. दाराशी गाडी लावायला पैसे पडतात म्हणून मुलाने ती पुष्कळ अलीकडे एका झाडाखाली लावली आणि आम्हांला उन्हातून चालवले. आत खाण्याची दुकाने होती, पण आम्ही बाकावर बसून रोल खाल्ले. रात्री बारा वाजता सराफ्यात खायला जाणारी माणसे आम्ही! अमेरिकेत येऊन फुकटचे प्राणिसंग्रहालय आणि घरचा डबा? मुलगा कंजूष झाला, असे त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो. पुढच्या शनिवारीही तोच प्रकार, फक्त स्थळ वेगळे. भावाच्या मुलाने त्याच्या आईवडिलांना काय काय दाखवले, त्याचे फोटो आमच्या फोनवर होतेच.

आता आमची तक्रार बाजूला ठेवून खरे सांगायचे तर ते प्राणिसंग्रहालय पाहून डोळे दिपले. ते फॉरेस्ट पार्क नावाच्या प्रचंड बागेत आहे. ही बाग सुमारे १,३०० एकरांची, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सेंट्रल पार्कहूनही मोठी. १९०४ साली इथे जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि त्या वर्षीचे ऑलिंपिकही याच शहरात झाले. प्रदर्शनासाठी उभारलेला पक्ष्यांचा पिंजरा अजून आहे, २२८ फूट लांब. आपण पिंजऱ्यात शिरून चालायचे आणि पक्ष्यांनी वरून आपल्याकडे बघायचे. नात म्हणाली, "आजोबा, आज आपण झूमध्ये आहोत, ते नाहीत."

आणि हत्तिणीची गोष्ट तर विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीच आहे. १९१६ साली त्या शहरातल्या शाळकरी मुलांनी एक एक पेनी जमवली (पेनी म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, आपला पैसाच म्हणा) आणि त्या पैशांतून संग्रहालयाची पहिली हत्तीण आली. तिचे नाव मिस जिम. मोठ्या माणसांनीही मग हात आखडता घेतला नाही. त्याच वर्षी शहराने मतदान करून संग्रहालयासाठी स्वतःवर कर बसवून घेतला. पुढे १९७१ मध्ये शहर आणि शेजारची काउंटी, दोघांच्या मतदारांनी मिळून घरपट्टीत एक लहानसा हिस्सा कायमचा बाजूला काढला. प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय, विज्ञान केंद्र, इतिहास संग्रहालय यांत आम्ही तिकिटाशिवाय हिंडलो ते त्या हिश्शाच्या जोरावर. म्हणजे "फुकट" हा आमचा शब्दच चुकीचा. पैसे भरले होते, ते दुसऱ्यांनी. विश्वस्त मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी आमची हरकत नाही.

कलासंग्रहालय त्याच बागेत एका टेकाडावर आहे, तीही इमारत १९०४ च्या प्रदर्शनातली. दारावर दगडात कोरले आहे, त्याचा अर्थ : कलेला अर्पण, आणि सर्वांना विनामूल्य. आत आम्ही तीन तास होतो. नातीला मात्र बाहेरचा हिरवा उतारच अधिक आवडला. त्या उतारावरून लोळत खाली तळ्यापर्यंत जायचे आणि परत वर पळायचे, असे तिने अकरा वेळा केले. आम्ही मोजले. तिच्या सोबत लोळणाऱ्या मुलांपैकी एकही ओळखीचे नव्हते.

शहराची खूण म्हणजे गेटवे आर्च. पोलादाची चकचकीत कमान, उंची ६३० फूट, कुतुबमिनाराच्या अडीचपटींहून जास्त. इरो सारिनेन हे तिचे रचनाकार. १९६१ मध्ये ते वारले, कमान पुरी झाली १९६५ मध्ये. तिची रुंदीही बरोबर ६३० फूट आहे, पण पाहणाऱ्याला ती उंचच वाटते. नातीला पटेना. तेव्हा आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांनी लांब उभे राहून हातातला कागद एकदा उभा आणि एकदा आडवा धरून मोजून दाखवले. मग तिच्याच गळ्यातली माळ काढून दोन टोकांनी धरली. माळ मधे लोंबते तो आकार उलटा केला की कमान तयार! सारिनेन यांची कमान अगदी साध्या साखळीची नाही, वर निमुळती होत जाणारी आहे, तेव्हा साखळीही मधे हलकी आणि टोकांकडे जड कल्पावी लागते. पण आठ वर्षांच्या मुलीला तेवढे पुरे. आपल्या शाळेतल्या मुलांनी घरी करून पाहावे.

कमानीच्या पोटातून वर जायला पाच-पाच माणसांच्या गोल डब्या आहेत. दार इतके ठेंगणे की वाकून शिरावे लागते, आणि गुडघ्याला गुडघे लागतात. चार मिनिटांत माथ्यावर. याचे तिकीट मात्र होते, माणशी हजार रुपयांच्या आसपास. मुलाने आम्हां दोघांची आणि नातीची तिकिटे काढली. "आम्ही दोघे आधी पाहून आलो आहोत," असे म्हणून तो आणि सूनबाई खाली थांबले. जमिनीखालचे मोठे संग्रहालय तेवढ्या वेळात त्यांनी पाहिले, ते विनामूल्य होते. वरच्या बारक्या खिडक्यांतून आम्ही मिसिसिपी पाहिली. त्या जूनमध्ये तिथे १९९३ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला होता. काठचा रस्ता पाण्याखाली, कमानीसमोरच्या पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या, बोटींच्या सफरी बंद. "नर्मदा अशीच येते," असे आम्ही नातीला सांगितले. तिने नर्मदा पाहिलेली नाही.

कमानीजवळ जुने न्यायालय आहे. ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या आणि बायकोच्या सुटकेसाठी १८४६ मध्ये इथेच दावा लावला. १८५० मध्ये तो जिंकला, पुढे हरला, आणि १८५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. आम्ही तिथे अर्धा तासच होतो. जाणाऱ्याने जास्त वेळ ठेवावा.

आता जे लिहायला जड जाते ते.

मिसूरी बोटॅनिकल गार्डन ही १८५९ पासूनची नामांकित बाग. शहरात आणि काउंटीत राहणाऱ्यांना बुधवारी व शनिवारी सकाळी तिथे प्रवेश विनामूल्य होता, परगावच्यांना माणशी जवळजवळ हजार रुपये. मुलगा-सून तिथले रहिवासी, नात लहान, म्हणजे तिकीट फक्त आमचे. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, "सगळे इथेच राहता का?" मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि "नाही, आईबाबा भारतातून आले आहेत" असे खरे सांगून पाकीट काढले. तेव्हा आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "राहू दे. तू पैसे वाचवतोस, तर आम्हीही वाचवतो. आम्ही बाहेर बसतो." आणि खरोखरच बाकावर जाऊन बसलो. नात दोन्हीकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटांनी तीही तिघे बाहेर आली. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मुलाने आम्हांला नदीपलीकडे, इलिनॉय राज्यातल्या कहोकियाला नेले. कोलंबसाच्या कितीतरी आधी, अकराव्या-बाराव्या शतकात, तिथे मूळ रहिवाशांचे मोठे नगर होते. टोपल्या वाहून त्यांनी मातीचे प्रचंड ढिगारे रचले. सर्वांत उंच ढिगारा सुमारे शंभर फुटांचा. १९८२ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिकीट नाही, फक्त देणगीची पेटी. मुलाने तिच्यात एक नोट टाकली, ती आम्ही पाहिली, आणि मनात म्हटले, इथे बरा हात मोकळा झाला! वर जायला दीडशेवर पायऱ्या. देवासची टेकडी चढलेल्या माणसाला त्यांचे काही नाही, तरी दोनदा थांबलो.

माथ्यावर वारा होता. दूर पश्चिमेला कमान दिसत होती, शिवणाच्या सुईएवढी. सूनबाई नातीला घेऊन पलीकडे गेल्या, आणि तेवढ्यात मुलाने सांगितले की प्रयोगशाळेचे अनुदान संपले आहे, ऑगस्टअखेर त्याचे काम सुटणार आहे. हे त्याला मार्चमध्येच कळले होते. आमची तिकिटे फेब्रुवारीत निघाली होती. "नका येऊ म्हणवेना," तो म्हणाला. काम नाही मिळाले तर व्हिसाचा प्रश्न होता, घर सोडायचे होते, नातीची शाळा होती. चार महिने तो हे पोटात ठेवून होता, आणि या सगळ्या सहली त्याने एक वही करून, कुठे काय विनामूल्य आहे ते शोधून आखल्या होत्या.

आम्हांला काय बोलावे सुचले नाही. आमच्यातल्या एकाने एवढेच विचारले, "ती वही बघू." त्याने फोनमध्ये दाखवली. सहा शनिवार, सहा रविवार, प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा. बागेच्या पुढे अठ्ठावीस डॉलर लिहिले होते. म्हणजे आमचे पैसे त्याने आधीच धरले होते.

बुधवारी आम्ही इंदुरातून नेलेल्या डॉलरमधून आपली तिकिटे काढली आणि बाग पाहिली. क्लायमाट्रॉन नावाचा काचेचा घुमट आहे, १९६० मध्ये बांधलेला. आत केळी, फणस, ओली उष्ण हवा, अगदी कोकणात उतरल्यासारखे. तिथे सूनबाई बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे माहेर रत्नागिरीचे.

पुढचे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरमध्ये त्याला ओहायो राज्यात काम मिळाले, पगार थोडा कमी. मधले पाच-सहा आठवडे कसे गेले ते तिथे त्यांना आणि इथे आम्हांला माहीत. १६ मे २०२५ रोजी सेंट लुईसला टोर्नेडोचा तडाखा बसला, माणसे गेली, फॉरेस्ट पार्कमधली खूप झाडे पडली. त्या दिवशी नातीने ओहायोहून फोन केला. आता ती चौदा वर्षांची आहे. पहिले वाक्य हे होते : "आजी, आपलं गाडीचं झाड!"

जाणाऱ्या मुलाच्या वडिलांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथे लिहितो. फॉरेस्ट पार्कमध्येच म्यूनी नावाचे उघडे नाट्यगृह आहे, अकरा हजार माणसांचे. उन्हाळ्यात तिथे संगीत नाटके होतात, आणि अगदी मागच्या नऊ रांगा, जवळपास दीड हजार खुर्च्या, विनामूल्य असतात. आधी येईल त्याची जागा. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही रांगेत लवकर उभे राहून त्यातली चौथी रांग मिळवली. नाटक सिंड्रेलाचे. रंगमंच इतका लांब की माणसे बोटाएवढी दिसत, पण गाणी स्वच्छ ऐकू येत. इंग्रजी गाण्यांतले शब्द आम्हांला सुटत होते. तेव्हा एरवी मराठी बोलायला लाजणारी नात दोघांच्या मधे बसून हळू आवाजात सांगत राहिली : "आता ती म्हणते, मला जायचंय. आता तिची ती आई म्हणते, नाही." तिची ती आई म्हणजे सावत्र आई. तो शब्द तिला येत नव्हता, आम्ही सांगितला.

मध्यंतरात मुलाने डबा उघडला. इंदुरातून नेलेल्या लवंगी शेवेची शेवटची पुडी त्यात होती. शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकन आजोबांनी हे काय म्हणून विचारले. मुलाने पुडी पुढे केली आणि तिखट आहे असे बजावले. त्यांनी मूठभर घेतली, डोळे पुसले, आणि पुन्हा हात पुढे केला.