पुस्तकात कुठंय?

चार-पाच वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात १८५७ शिकवत होतो. शाळा खानदेशातली, उर्दू माध्यमाची. मी खरा भाषेचा शिक्षक, पण इतिहासाचा तासही माझ्याकडेच होता. एक तडवी मुलगी उठली. तिची नानी खाज्या नाईकाची आणि आंबापाणीच्या लढाईची गोष्ट सांगते, ती तिला वर्गात सांगायची होती. मी विचारलं, "पुस्तकात कुठंय?" ती खाली बसली. वर्षभर पुन्हा तिनं हात वर केला नाही.

माझ्या मते मी बरोबर वागलो होतो. बी.एड.ला हेच शिकलो होतो: आधी साधन, मग इतिहास, आणि साधन म्हणजे कागद.

पुढे कॅनडातल्या डेलगामूक खटल्याबद्दल वाचलं. ब्रिटिश कोलंबियातल्या गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी आपल्या जमिनीवर हक्क सांगितला. कागद नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपलेल्या कथा होत्या, गाणी होती. मेरी जॉन्सन या म्हाताऱ्या बाई साक्षीत गाणं म्हणू लागल्या, तर न्यायाधीश म्हणाले, मला गाण्याचा कान नाही, गाऊन काही उपयोग होणार नाही. १९९१ मध्ये निकाल विरोधात गेला. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मौखिक इतिहासालाही कागदोपत्री पुराव्याच्या बरोबरीनं जागा द्यावी लागेल. (जमीन काही त्या दिवशी मिळाली नाही, खटला पुन्हा चालवा, एवढंच.)

२०१५ मध्ये तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगानं ९४ शिफारशी केल्या. आदिवासींचं ज्ञान वर्गात कसं आणायचं हे विद्यापीठांनी शिक्षकांना शिकवावं, त्यासाठी सरकारनं पैसा द्यावा, अशीही एक होती. २०१६ पासून विनिपेग आणि लेकहेड विद्यापीठांनी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आदिवासींविषयीचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. सक्तीनं ऐकून घ्यायची सवय लागते का, याबद्दल मला शंका आहे. पण माझ्या बी.एड.मध्ये असा एक तास जरी झाला असता, तरी त्या मुलीला बसवण्याआधी मी थांबलो असतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी गेलो. ती आता कॉलेजात आहे. नानीसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. नानी तडवी बोलीत बोलत होती. दोन भाषा शिकवणाऱ्या मला त्यातलं निम्मंच कळलं. अधूनमधून नानी थांबायची आणि नातीला म्हणायची, "सरांना सांग." आणि ती मला समजावून सांगायची.