अधांतर आणि उंबरठा

समीक्षेच्या तासाला ‘लिमिनल’ ही संज्ञा आली की मराठी पर्याय म्हणून आपण बहुधा ‘उंबरठ्यावरचा’ असे सांगतो. पर्याय चुकीचा नाही. मूळ लॅटिन ‘लिमेन’ म्हणजे उंबरठाच. आर्नल्ड व्हान गेनेप याने १९०९ साली संक्रमणविधींची मांडणी करताना विलग होणे, मधली अवस्था आणि पुन्हा सामावले जाणे असे तीन टप्पे कल्पिले. पुढे व्हिक्टर टर्नर याने यांतील मधल्या टप्प्याचाच विस्ताराने विचार केला. या मांडणीत एक आश्वासन गृहीत आहे : मधली अवस्था संपते. नववधू माप ओलांडते तेव्हा तिचे उंबरठ्यावरचे असणे क्षणभराचेच असते.

उंबरठ्याला आधारही आहे. संस्कृतात ‘उदुम्बर’ या शब्दाला वृक्षाबरोबरच उंबरठा हाही अर्थ आहे. म्हणजे शब्दाच्या तळाशीच लाकूड आहे. देहलीदीपन्यायातील दिवा तर उंबरठ्यावर असल्यामुळेच घर आणि अंगण दोन्ही उजळतो. मधे असणे येथे लाभाचे ठरते.

मधलेपणासाठी मराठीत दुसराही शब्द आहे : अधांतर. त्याची फोड करताना ‘अधस्’ म्हणजे ‘खाली’ हा घटक धरण्याचा मोह होतो. परंतु संस्कृत संधिनियमाने ‘अधस्’ आणि ‘अंतर’ मिळून ‘अधोऽन्तर’ व्हायला हवे. त्यापेक्षा अधपोटी, अधमुरे, अधकच्चे यांतला, ‘अर्ध’पासून आलेला ‘अध’ मला अधिक पटतो. अधांतर म्हणजे अर्धे अंतर. अर्धे म्हटले की उरलेल्या अर्ध्याची अपेक्षा असते. पण ‘अधांतरी’ म्हणताच ती गळून पडते आणि आधाराविना लोंबकळणे तेवढे उरते.

१९८२ साली जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. त्यातील स्त्री स्वतःच्या निर्णयाने घराबाहेर पाऊल टाकते. त्याच वर्षी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. संपानंतरच्या गिरणगावातील एका कामगार कुटुंबावर जयंत पवार यांनी लिहिलेले नाटक १९९७ साली आले, त्याचे नाव ‘अधांतर’. ही नावे एकमेकांच्या जागी ठेवता येणार नाहीत.

या दोन शब्दांतील भेद मला कोशाआधी नोकरीने शिकवला. सहा वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सत्र संपले की नेमणूक संपे, सुट्टीत मानधन नसे आणि जूनमध्ये त्याच कामासाठी नव्याने मुलाखत होई. विद्यार्थी ‘सर’ म्हणत. कायम सेवकांच्या मस्टरवर नाव नसे. ‘यंदा जागा निघेल’ हे वाक्य दरवर्षी कानी येई. आम्ही स्वतःला उंबरठ्यावरचे समजत होतो, म्हणून तर थांबलो. माझी जागा निघाली. माझ्याबरोबर सुरुवात केलेले दोघे चाळिशी ओलांडूनही तासच मोजत आहेत. त्यांच्या अवस्थेला ‘लिमिनल’ म्हणणे म्हणजे कोणीही न दिलेली हमी एका संज्ञेने देऊन टाकणे होय.

म्हणून वर्गात मी आता दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो. एखादे पात्र ‘मधे’ आहे असे विद्यार्थी म्हणाले, तर त्याच्या पायाखाली काय आहे, हे आधी संहितेत शोधायला सांगतो.