उजेडाचे थर

हिंगणीजवळ बोर नदीवर १९६५ साली मातीचं धरण झालं. भोवतालच्या जंगलात वाघाच्या ओढीने आलेली माणसं जलाशयाचा निळा विस्तार डोळे भरून पाहतात. मला ओढ आहे ती या पाण्याच्या उभ्या अंगाची, त्यात वेगवेगळ्या खोलीवर जगणाऱ्या शेवाळाची.

शेवाळाला खोली कळते ती उजेडातून. त्या धरणाच्या बरोबर शंभर वर्षं आधी आंजेलो सेकी या इटालियन खगोलवेत्त्याने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते पाहिलं. आजही जलाशयाची पारदर्शकता तशीच मोजतात. तबकडी दिसेनाशी होते त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत शेवाळाला अन्न करता येतं. पावसाळ्यात नदी गढूळ लोंढा आणते, तेव्हा हा उजेडाचा थर हातभरावर येतो.

अगदी वरचा थर सर्वांत सुखाचा, असं मात्र नाही. भर दुपारचं ऊन शेवाळालाही सोसत नाही. पुष्कळ जाती थोड्या खालीच जास्त फोफावतात. मायक्रोसिस्टिस नावाच्या नीलहरित शेवाळाची तऱ्हा तर बघत राहावी अशी. त्याच्या पेशीत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते तरंगतं. दिवसभर उन्हात साखर साठते, अंग जड होतं, ते खाली उतरतं; रात्री साखर खर्ची पडली की पहाटे पुन्हा वर. वारा पडलेला असला की त्याची पोपटी साय काठाला लागते. ते पाणी विषारी असू शकतं; गुरांना तिथे मुळीच पाजू नये.

डायटम या सूक्ष्म शेवाळाला असं तरंगता येत नाही. त्याचं कवच सिलिकाचं, काचेसारखं आणि जड. पाणी घुसळलं गेलं तरच तो वर टिकतो. हिवाळ्यात रात्री वरचं पाणी गारठून जड होतं, खाली जातं आणि खालचं खतावलेलं पाणी वर येतं. डायटमचे हे सुगीचे दिवस. आणि उथळ, नितळ पाण्यात उजेड तळाला टेकतो तिथे कारा उगवतं: चुन्याची पुटं चढलेलं, बोटांना खरखरीत लागणारं, चुरडलं की उग्र वासाचं. वरवर पाणवनस्पती वाटावी, पण आहे शेवाळच.

म्हणून काठावर भरलेल्या एका बाटलीवरून जलाशयाबद्दल बोललेलं मला पटत नाही. नमुना कोणत्या खोलीवरचा, कोणत्या प्रहरी घेतलेला, हे बाटलीवर लिहिलेलं हवं.